राजीनामा देणार नाही

आमच्या दारावरची पाटी मी दोन वर्षांत दोनदा बदलली. आधी तिच्यावर फक्त नाव आणि आडनाव होतं. मग मध्ये वडिलांचं नाव घातलं. मग वाटलं अक्षरं लहान आहेत, जिन्यातून दिसत नाहीत, म्हणून मोठी करून घेतली. बायको म्हणाली, "आता खाली तालुका, जिल्हा आणि रक्तगटही टाका." मला हसू आलं नाही. त्या पाटीवरचं नाव वाचून मला एकदा गाडीत घालून नेलं होतं, आणि तेव्हापासून मला घरात एका जागी बसवत नाही. बेल वाजली की मी आधी बाल्कनीत जातो, खाली पांढरी गाडी उभी आहे का ते बघतो आणि मग दार उघडतो. तोवर कुरिअरवाला कंटाळून निघून गेलेला असतो.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी नागपूरहून बदली होऊन दिल्लीत आलो आणि मयूर विहारमधल्या या सोसायटीत राहिलो. बायको, मी आणि एकुलती एक मुलगी. आलो तेव्हा ती सात वर्षांची होती. आता नोएडातल्या एका न्यूज चॅनेलच्या डेस्कवर काम करते आणि मराठी बोलताना मधेच थांबून शब्द शोधते. तिला हसायचा मला अधिकार नाही. दिल्लीत आल्यावर पहिल्याच महिन्यात मी भाजीवाल्याकडे सीताफळ मागितलं होतं आणि त्याने लाल भोपळ्याची ही एवढी मोठी फाक कापून दिली होती, कारण इथे भोपळ्यालाच सीताफळ म्हणतात. मी ती मुकाट्याने घरी घेऊन आलो. समोरच्या माणसाला 'नको' म्हणायला मला जमत नाही, हा माझा जुना दोष आहे.

माझं नाव-आडनाव असं की आमच्याकडच्या कुठल्याही बसस्टँडवर हाक मारली तर तिघे जण मागे वळून बघतील. वेगळेपण काय ते मधल्या नावात, म्हणजे वडिलांच्या. दिल्लीत मधलं नाव कुणी विचारत नाही, फॉर्मवर 'पिता का नाम' असा वेगळा रकाना असतो. त्यामुळे पाटीवरूनही ते गळालं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

थंडीतला रविवार होता. सकाळी नऊच्या सुमारास मी कानटोपी घालून, स्लिपरवरच मेथी आणायला खाली उतरलो. मेथी घेतली, वर फुकटची कोथिंबीर मागून घेतली, आणि परत येताना गेटजवळ दोन माणसं पुढे आली. एकाच्या गळ्यात तपकिरी मफलर होता आणि त्याला खोकला झाला होता. दुसऱ्याच्या हातात गाडीची किल्ली. मफलरवाल्याने माझं नाव घेऊन विचारलं, "आप ही हैं?"

दिल्लीत गेटवर कुणी नाव विचारलं की काही तरी पार्सल आलेलं असतं. मी म्हणालो, "जी, मैं ही हूँ."

त्याने माझा दंड धरला. अगदी सवयीने, रेल्वेत म्हाताऱ्या माणसाला चढवताना धरतात तसा. दुसऱ्या हाताने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यावर कोर्टाच्या नोटिशीचा फोटो होता आणि तिच्यात माझं नाव होतं. "भगोड़ा घोषित हो आप. मानेसर का केस है. चुपचाप बैठिए, तमाशा मत कीजिए."

इथे मला जे सांगायचं आहे ते सांगताना अजून लाज वाटते. मी तमाशा केला नाही. गेटवरचा गार्ड बघत होता, पहिल्या मजल्यावरच्या शर्मांसारखे सभ्य लोक उन्हात खुर्च्या टाकून पेपर वाचत होते, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी. पार्किंगवरून ज्यांना मी दर महिन्याला नोटिसा काढतो त्यांच्यासमोर मला कुणी दंड धरून नेतंय हे दिसू नये, एवढी एकच गोष्ट त्या क्षणी माझ्या डोक्यात होती. मी गार्डकडे बघून हसलो. "अभी आता हूँ," म्हणालो. आणि मेथीची पिशवी घेऊन स्वतःच्या पायांनी गाडीत बसलो.

गाडी रिंग रोडला लागेपर्यंत मला वाटत होतं की हे पोलीस आहेत आणि आता जवळच्या ठाण्यात नेतील, तिथे सगळा उलगडा होईल. ठाणं मागे गेलं. मी म्हणालो, "ठाणा तो पीछे रह गया." किल्लीवाला म्हणाला, "हमें मानेसर पहुँचाना है." पोहोचवायचं कुणाला, हे विचारल्यावर कळलं की हे पोलीस नाहीतच. मानेसरच्या, म्हणजे पार हरियाणातल्या, एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातल्या कुणा माणसाला जामीन मिळाला होता. तो तारखेला आलाच नाही, फरार झाला. त्याला जो जामीन राहिला होता त्याच्यामागे कोर्टाने तगादा लावला, म्हणून त्या बिचाऱ्याने या दोघांना शोधायला ठेवलं. माणूस शोधून आणून देणं हाच यांचा धंदा. शोधायचं म्हणजे काय, तर नाव घेऊन शहरभर विचारत फिरायचं आणि पाटी सापडली की हात घालायचा.

माझा फोन त्यांनी आधीच काढून घेतला होता. मी म्हणालो, मी सरकारी नोकर आहे. मफलरवाला खोकत म्हणाला, "सब यही कहते हैं." वर मला पाण्याची बाटली दिली. मी 'थँक्यू' म्हणालो. माझा मलाच इतका राग आला की बाटली न उघडता मांडीवर ठेवून दिली.

मग मला सुचलं. "नोटीस में बाप का नाम पढ़िए," मी म्हणालो. "मेरे पिताजी का नाम ये नहीं होगा." मफलरवाल्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला. मी माझ्या वडिलांचं नाव सांगितलं. त्याने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग किल्लीवाल्याकडे.  मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात किल्लीवाला आरशात बघून म्हणाला, "बाप का नाम तो कोई भी बदल लेता है."

माझ्या वडिलांना गावात उभं आयुष्य अर्ध्या नावाने हाक मारली गेली, तीही अरेतुरे करून. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी तेच अर्धं नाव लिहिलं होतं. वडील मोठेपणी रेल्वेत लागले, तेव्हा पहिली रजा काढली ती दाखल्यावरचं नाव पूर्ण करून घ्यायला. चार खेपा घातल्या. आम्हा भावंडांची नावं घालताना ते स्वतः शाळेत गेले आणि मास्तरांच्या खांद्यावरून वाकून आपलं नाव मधल्या जागी पूर्ण लिहिलं जातंय की नाही ते बघत उभे राहिले. त्या माणसाचं नाव मी दिल्लीत येऊन पाटीवरून गाळलं, आणि आता हा म्हणतोय कोई भी बदल लेता है. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

टोलनाक्यावर गाडी रांगेत अडकली. बाजूच्या शेडखाली पोलिसांची जीप उभी होती. दार उघडून बघितलं, लॉक होतं. काचेचं बटण दाबलं, काच अर्धी खाली गेली तशी मी तोंड बाहेर काढून ओरडलो. चौदा वर्षं बाहेर हिंदी बोलतोय, ऑफिसात हिंदी पंधरवड्याची बक्षिसं घेतलीत, पण तोंडातून निघालं ते मराठीच. "अहो धावा! मला पळवून नेतायत! सोडा रे मला!" आजूबाजूच्या गाड्यांतले लोक बघत राहिले. कुणाला अक्षर कळलं नसणार. पण मेथीची पिशवी धरलेला, कानटोपीतला माणूस खिडकीतून हात आपटतोय हे पोलिसाला कळायला भाषा लागत नाही. त्याने काठीने बॉनेटवर टकटक केलं.

चौकीतला अधिकारी मोठा शांत माणूस होता. त्याने सगळ्यांना चहा सांगितला, नोटीस आणि माझ्या फोनमधलं ओळखपत्र शेजारी शेजारी ठेवलं आणि दोन मिनिटांत निकाल लावला. बापाचं नाव वेगळं. वय वेगळं, फरार माणूस तिशीतला आणि मी पंचावन्नचा. मग त्याने त्या दोघांना झापलं. कोर्टाने ज्याला भगोडा ठरवलं त्याला कुणीही पकडू शकतं, हे खरं. पण तो माणूस तोच असला पाहिजे, आणि पकडल्याबरोबर विनाकारण उशीर न करता पोलिसांच्या हवाली केला पाहिजे. हिंडवत न्यायचा नाही. किल्लीवाला म्हणाला, "सर, सहा घंटे का टाइम होता है." अधिकारी म्हणाला, "सहा तास उशिरात उशीर म्हणून आहेत, सहलीसाठी नाहीत." तो हिंदीत म्हणाला, पण आशय हाच. मला माझा फोन मिळाला. मी घरी फोन केला. बायको आणि मुलगी टॅक्सी करून निघाल्या.

त्या पोचल्या तेव्हा अधिकारी माझ्याकडे वळला होता. खुर्ची पुढे ओढून, अगदी आपुलकीने म्हणाला, "देखिए सर, गलतफहमी हुई है. आप राजीनामा कर लीजिए और आराम से घर जाइए."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आपल्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडीत राहिला तर आपोआप निलंबित होतो, हे मी स्वतः दुसऱ्यांच्या फायलींवर लिहिलेलं आहे. आणि राजीनामा दिला तर मागची सगळी सेवा वाया, पेन्शन नाही. एकोणतीस वर्षं. चूक यांची, धरून नेलं मला, आणि वर राजीनामा मीच द्यायचा? चोर सोडून संन्याशाला सुळी ऐकलं होतं. संन्याशाने स्वतःच सुळाला टोक काढून द्यायचं, हे नवीन होतं.

मी उभा राहिलो. "राजीनामा नहीं दूँगा."

"देना क्या है सर, करना है. दोनों तरफ़ से लिखा जाएगा."

"कुछ भी हो जाए. राजीनामा नहीं दूँगा!"

बायकोने मागून माझी बाही धरली आणि कानाशी म्हणाली, "अहो, काही झालं तरी राजीनामा देऊ नका हां. मी आहे."  मफलरवाला हात जोडून उभा राहिला. मला कळेना, माझ्या राजीनाम्यासाठी हा का हात जोडतोय. आणि मुलगी पुढे झाली. टॅक्सीत तिने मोबाइलवर कायदा वाचून काढला होता. ती टेबलावर हात ठेवून म्हणाली, "सर, मेरे बाबा ने मना कर दिया ना? राजीनामा नहीं होगा. आप कम्प्लेंट लिखिए." ती माझ्याकडे अशी बघत होती जशी लहानपणी मी सायकलची चेन बसवली की बघायची. बऱ्याच वर्षांनी तशी बघितली.

तक्रार लिहिली गेली. अडवून, कोंडून नेल्याची. मी सही केली, माझं नाव, मध्ये वडिलांचं नाव, आडनाव.

घरी पोचल्यावर बायकोने मेथी निवडायला घेतली आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "बरं झालं राजीनामा दिला नाहीत. पेन्शन बुडाली असती."

मुलगी म्हणाली, "पेन्शन? पेन्शनचा काय संबंध?"

"नोकरी गेली की पेन्शन जाते बाळा."

"आई, यार, राजीनामा म्हणजे समझौता. कॉम्प्रोमाइज. नोकरी सोडतात तो इस्तीफा." ती एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. "एक मिनिट. मराठीत राजीनामा म्हणजे... resign?"

आम्ही तिघंही हसत सुटलो. बायकोच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मेथी सगळीकडे झाली. मला मधेच आठवलं की तो बिचारा अधिकारी 'देना नहीं, करना' म्हणून व्याकरण समजावत होता, आणि मी आणखी हसलो. मग लक्षात आलं, मुलगी हसायची थांबली आहे.

"बाबा, म्हणजे तुम्हाला अर्थ माहीत असता, तर तुम्ही केला असता?"

मी उठलो आणि बाल्कनीचं दार नीट लागलंय का ते बघायला गेलो.

केला असता. दोनदा विचार न करता केला असता. चहा पिऊन, त्या दोघांशी हस्तांदोलन करून, टोलनाक्यावरून टॅक्सी पकडली असती आणि सोसायटीत सांगितलं असतं की एका मित्राकडे गेलो होतो. हे तिला सांगता येईना, आणि न सांगता बसवेना. ती चॅनेलमध्ये मैत्रिणींना सांगायची, माझ्या बाबांनी चौकीत उभं राहून नाही म्हटलं. मी घरभर फिरायचो. फ्रिज उघडायचो, बंद करायचो. ऑफिसात कुणी मागून नाव घेऊन हाक मारली तरी खांदा आपोआप आक्रसायचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी पायरी चढलो होतो ती शहाणपणाने नव्हे, तर एका शब्दाचा अर्थ न कळून.

दीड वर्षाने गुरुग्रामच्या कोर्टात माझ्या साक्षीची तारीख लागली. मुलीने सुट्टी घेतली आणि बरोबर आली. कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात बसायला जागा नव्हती, त्यामुळे मला येरझारा घालायला कारण लागलं नाही. तिथेच त्या दोघांचे वकील भेटले. वयस्कर, पांढऱ्या भुवयांचे, बोलायला गोड. मागे मफलरवाला. उन्हाळ्यात मफलर नव्हता, खोकला मात्र तोच होता.

"साहब, डेढ़ साल हो गया," वकील म्हणाले. "ये लोग माफी माँगने को तैयार हैं. राजीनामा कर लीजिए. आप भी चैन से सोइए."

या वेळी शब्द मला कळला होता. आणि खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता. भीक नको पण कुत्रा आवर, इतकाच माझा मुद्दा उरला होता. एक सही, आणि मग पांढऱ्या गाड्या बघायला नकोत, तारखा नकोत. मी हात पुढे केला.  मुलगी भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे मुद्दाम बघत नव्हती.

कागद टाइप केलेला होता. माफीचं एक वाक्य. मग गैरसमज झाल्याचं. आणि मग हे: की मी त्या दिवशी अपनी मर्ज़ी से, राज़ी-खुशी गाडीत बसलो होतो.

मी बोट ठेवलं. "ये लाइन काट दीजिए. बाकी पे साइन करता हूँ."

"साहब, वही तो लाइन है," वकील हळूच म्हणाले. "गार्ड का बयान है. आप मुस्कुरा रहे थे. 'अभी आता हूँ' बोले थे."

मग मफलरवाला पहिल्यांदा बोलला. त्याच्या आवाजात कपट नव्हतं, खरंच त्याला प्रश्न पडला होता. "साहब, एक बात बताइए. गेट पे आप चिल्लाए क्यों नहीं? आप चिल्लाते तो हम छोड़ के भाग जाते."

मला खूप काही सांगायचं होतं. शेजाऱ्यांबद्दल, पार्किंगच्या नोटिशींबद्दल, भोपळ्याच्या त्या फाकेबद्दल. यातलं काहीच त्याला कळलं नसतं. मी कागदाकडे बघितलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं राजीनामा, आणि खाली राज़ी-खुशी. इतकी वर्षं हा शब्द वापरतोय, फायलींवर टाइप करून घेतलाय, आणि त्यात 'राजी' आहे हे मला त्या व्हरांड्यात उभं राहून पहिल्यांदा दिसलं.

"मैं राज़ी नहीं था," मी म्हणालो. आवाज जरा मोठा निघाला असावा, कारण बाकावरची दोन माणसं वळली. "मैं हँसा था. राज़ी नहीं था."

कागद परत दिला. बाकावरची माणसं अजून माझ्याकडेच बघत होती. बघू देत म्हटलं.

"राजीनामा नहीं दूँगा."

वकिलांनी सवयीने दुरुस्ती केली. "देना नहीं साहब, करना होता है."

"मालूम है," मी म्हणालो.

आतून शिपायाने माझं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट. मुलगी भिंतीपासून सुटली आणि माझी बाही धरून माझ्याबरोबर दारापर्यंत आली.